प्रबंधातील प्रकरणापासून कीटकशास्त्राच्या नियतकालिकातील शोधनिबंधापर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे. कृषी कीटकशास्त्रात एम.एस्सी. पूर्ण केलेल्या एका विद्यार्थ्याने वांग्यावरील शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीवर दोन खरीप हंगाम काम केले आहे. प्रबंधात तीन प्रकरणे आहेत: अळीचा हंगामी प्रादुर्भाव व त्याचा हवामानाशी सहसंबंध, सात प्रक्रियांचा (म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या सात उपचारांचा) कीटकनाशक प्रयोग, आणि अळ्यांतून बाहेर पडलेल्या परोपजीवी कीटकांची (अळीवर वाढून तिला मारणाऱ्या कीटकांची) नोंद. यातून शोधनिबंध कसा तयार करावा, तो कोणत्या नियतकालिकाकडे पाठवावा आणि पाठवताना काय काय सांभाळावे, असे त्याने विचारले आहे. कीटकशास्त्रातील हस्तलिखितांचे समीक्षण मी बरीच वर्षे करीत आलो आहे. पुढील उत्तर त्या कामाच्या आधारे लिहिले आहे.

आपले इंग्रजी कच्चे आहे म्हणून निबंध परत येतो, असा समज आपल्या विद्यापीठांत फार पक्का आहे. भाषेमुळे परत गेलेली हस्तलिखिते मी पाहिली आहेत, पण ती थोडी. बहुतेक निबंध परत जातात ते वाचणाऱ्याला निष्कर्ष तपासून पाहता येत नाही म्हणून. कीटक नेमका कोणता होता, तो कोणी आणि कशावरून ओळखला, त्याचा नमुना आज कुठे पाहायला मिळेल, प्रयोगाचे एकक झाड होते की वाफा, औषधाची मात्रा कशी काढली, टक्केवारी कोणत्या संख्येला भागून आली, या प्रश्नांची उत्तरे निबंधात सापडली नाहीत की समीक्षक पुढचे वाचण्याआधीच साशंक होतो. म्हणून हस्तलिखित तयार करताना प्रत्येक परिच्छेदावर हीच कसोटी लावा: मला न ओळखणारा, माझ्या प्रक्षेत्रावर कधीही न आलेला माणूस एवढ्या मजकुरावरून हे काम पुन्हा करू शकेल का?

आता तीन प्रकरणांविषयी. हवामान आणि प्रादुर्भाव यांच्या सहसंबंधाचे प्रकरण स्वतंत्र निबंध म्हणून पाठवू नका. हा सल्ला कडक वाटेल, पण त्यामागे कारण आहे. एका ठिकाणचे, दोन हंगामांचे, वीसेक आठवड्यांचे आकडे घेऊन सहा हवामान घटकांशी सहसंबंध काढला की पाच टक्के पातळीवर एखादा गुणांक केवळ योगायोगानेही लक्षणीय येऊ शकतो. शिवाय लागवडीनंतर जसजसे दिवस जातात तसतसे तापमानही उतरत जाते आणि पिकाचे वयही वाढत जाते. फळे आली म्हणून अळी वाढली, की थंडी पडली म्हणून वाढली, हे त्या आकड्यांवरून सांगताच येत नाही. अशा निबंधांची नियतकालिकांकडे इतकी गर्दी असते की अनेक संपादक ते समीक्षकांकडे पाठवतही नाहीत. ही माहिती कीटकनाशकाच्या निबंधात एका आलेखापुरती वापरा. फवारणी ज्या आठवड्यात केली तेव्हा प्रादुर्भाव किती होता, हे दाखवायला ती उपयोगी पडेल.

कीटकनाशकांचा प्रयोग हा तुमच्या मुख्य निबंधाचा कणा आहे. परोपजीवी कीटकांची नोंद स्वतंत्र छोटा निबंध होऊ शकते, मात्र त्यांची ओळख तज्ज्ञाकडून पक्की करून घेतलेली असेल तरच. पहिल्या हंगामाचा एक आणि दुसऱ्या हंगामाचा दुसरा असे दोन निबंध करण्याचा मोह काहींना होतो. ते करू नका. दोन हंगामांत निकाल टिकला, हीच तर तुमच्या प्रयोगाची ताकद आहे.

कीटकाच्या ओळखीवर थोडे थांबतो, कारण सर्वांत जास्त हयगय तिथेच होते. वांग्यातली अळी म्हणजे लुसिनोडीस ऑर्बोनॅलिस, हे आपल्याला इतके गृहीत वाटते की ‘ओळख कशी केली’ हे वाक्य निबंधात येतच नाही. आफ्रिकेतही सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील देशांतून हेच नाव वर्षानुवर्षे छापले जात होते. पुढे पतंगांच्या जननेंद्रियांची रचना आणि डीएनए तपासल्यावर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या कामातून असे दिसले की तिथल्या वांगीवर्गीय फळांतील अळ्या आशियातील या जातीच्या नव्हत्या. त्या लुसिनोडीस याच जीनसमधील (जवळच्या जातींच्या गटातील) वेगळ्या जाती होत्या, आणि त्यांपैकी काहींना तोवर नावही मिळालेले नव्हते. हे समजू शकले ते संग्रहालयांत आणि आयात तपासणी केंद्रांत जपलेल्या नमुन्यांमुळे. ज्या जुन्या निबंधांच्या मागे नमुनाच नाही, त्यांतील आकडे नेमक्या कोणत्या जातीचे होते हे आता कोणीही खात्रीने सांगू शकत नाही.

म्हणून नमुने जपा आणि त्यांची नोंद निबंधात द्या. अळ्या वाढवून मिळालेल्या पतंगांपैकी काही टाचणीवर लावून, काही अळ्या ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉलमध्ये ठेवून त्यांच्यासोबत ठिकाण, अक्षांश-रेखांश, तारीख, यजमान पीक आणि गोळा करणाऱ्याचे नाव असलेली चिठ्ठी हवी. हे नमुने आपल्या विभागाच्या संग्रहात क्रमांक घेऊन ठेवता येतात. त्याहून चांगले म्हणजे बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोकडे किंवा भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्यातील पश्चिम प्रादेशिक केंद्राकडे त्याबाबत विचारणा करावी. डीएनए बारकोड करून घेणे शक्य असेल तर जाती ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सीओआय जनुकाचा ६५८ बेस जोड्यांचा प्रमाण तुकडा जेनबँकेत (डीएनए क्रमांच्या सार्वजनिक संग्रहात) जमा करून त्याचा क्रमांक द्यावा. बारकोड नसला म्हणून निबंध अडत नाही. नमुना नसला तर मात्र अडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

परोपजीवी कीटकांच्या बाबतीत ही अट आणखी कडक करा. वांग्यातील अळीवर ट्रॅथाला फ्लाव्होऑर्बिटॅलिस ही इक्न्युमोनिड कुळातील गांधीलमाशी भारतात बऱ्याच ठिकाणी नोंदली गेली आहे, म्हणून आपल्याकडे निघालेली सडपातळ गांधीलमाशीही तीच, असे धरून चालू नका. त्या कुळाच्या तज्ज्ञाला नमुने पाठवा, त्याचे उत्तर लेखी घ्या आणि ऋणनिर्देशात त्याचे नाव त्याच्या परवानगीने द्या. त्याने त्यापेक्षा जास्त काम केले असेल, उदाहरणार्थ ओळखीची लक्षणे लिहून दिली किंवा छायाचित्रे तयार केली, तर त्याला सहलेखक करणे योग्य ठरते. आणि जर ती जाती विज्ञानाला नवी निघाली, तर तो निबंध पूर्णपणे वेगळा होतो. प्राणी नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता पाळावी लागते आणि निबंध केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघणार असेल तर त्याची झूबँकमध्ये (प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत) आधी नोंदणी करावी लागते. शिवाय जैवविविधता कायदा २००२ नुसार नव्या जातीचा नमुना सरकारने नेमून दिलेल्या भांडारात जमा करावा लागतो.

परोपजीवित्वाची टक्केवारी कशी काढली, हे जवळपास कोणीच नीट लिहीत नाही. समजा तुम्ही ८० अळ्या गोळा केल्या, त्यांपैकी २० अळ्या हाताळणीत किंवा अज्ञात कारणाने मेल्या आणि १२ अळ्यांतून गांधीलमाश्या निघाल्या. ८० ने भागल्यास उत्तर १५ टक्के येते. निकाल कळलेल्या ६० अळ्यांनी भागल्यास ते २० टक्के होते. दोन्ही हिशेब लोक करतात, आणि दोन निबंधांतील आकड्यांची तुलना म्हणूनच फसते. तुम्ही कोणता केला ते लिहा, आणि तिन्ही मूळ संख्या तक्त्यात द्या, म्हणजे वाचणारा आपला हिशेब स्वतः करील.

नावाबाबत एक बारीक गोष्ट. मजकुरात जातीचे नाव पहिल्यांदा येते तेव्हा वर्णनकर्त्याचे नाव, गण आणि कुळ यांसह लिहायचे असते. वर्णनकर्त्याचे नाव कंसात केव्हा घालायचे, हे इच्छेवर नाही. जातीचे मूळ वर्णन आज ज्या जीनसमध्ये ती आहे त्याच जीनसखाली झाले असेल तर कंस नसतो, पुढे ती दुसऱ्या जीनसमध्ये हलवली असेल तर कंस येतो. गेने यांनी १८५४ साली आपल्या अळीचे वर्णन लुसिनोडीस याच नावाखाली केले, म्हणून ‘लुसिनोडीस ऑर्बोनॅलिस गेने’ हे कंसाविना बरोबर आहे. अमेरिकन लष्करी अळीचे वर्णन १७९७ साली फॅलीना या जीनसखाली झाले होते, म्हणून ‘स्पोडॉप्टेरा फ्रुगीपर्डा (जे. ई. स्मिथ)’ असे लिहितात. कुळाचेही तसेच. आपल्या अळीचे कुळ अनेक प्रबंधांत अजूनही पायरॅलिडी लिहिलेले आढळते, आज ती क्रॅम्बिडी कुळात आहे. जुन्या प्रबंधातून ओळ उतरवून घेतली की जुने कुळही सोबत येते, आणि पहिल्याच पानावर समीक्षकाच्या लक्षात येते की लेखकाने स्वतः तपासलेले नाही.

लेखनाचा क्रम मी असा सुचवीन: आधी तक्ते आणि आलेख पक्के करा, मग साहित्य व पद्धती, मग निष्कर्ष, मग चर्चा, मग प्रस्तावना, आणि सारांश व शीर्षक सर्वांत शेवटी. प्रस्तावनेपासून सुरुवात केली की प्रबंधातील पूर्वीच्या साहित्याच्या आढाव्याचे प्रकरण पानेच्या पाने आत शिरते. वांगे हे महत्त्वाचे भाजीपाला पीक आहे, त्याचे क्षेत्र इतके, उत्पादन तितके, हे दोन ओळींपलीकडे कोणालाही नको असते. प्रस्तावनेने फक्त एवढे सांगावे की यापूर्वी काय कळले होते, कोणता प्रश्न उरला होता आणि तुम्ही तो कसा हाताळला.

साहित्य व पद्धती या भागात मात्र कंजुषी करू नका. प्रक्षेत्राचे ठिकाण, अक्षांश-रेखांश, लागवडीची तारीख, वाण (मांजरी गोटा असेल तर तसे, संकरित असेल तर त्याचे नाव), लागवडीचे अंतर, वाफ्याचा आकार, दोन वाफ्यांमधील मोकळी जागा, फवारणी पंपाचा प्रकार व नोझल, हेक्टरी किती पाणी वापरले, फवारण्या कोणत्या तारखांना आणि कोणत्या निकषावर केल्या, फवारणीनंतर पाऊस झाला का, हे सारे यायला हवे. खरीप म्हणजे कोणते महिने, हेही लिहा, कारण समीक्षक ब्राझीलमध्ये किंवा केनियात बसलेला असू शकतो.

मात्रेच्या हिशेबात हमखास गडबड होते, म्हणून एक उदाहरण देतो. इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी (पाण्यात विरघळणारे दाणे) हेक्टरी २०० ग्रॅम वापरले तर क्रियाशील घटक १० ग्रॅम पडतो. हा हिशेब सरळ आहे. क्लोरअँट्रानिलीप्रोल १८.५ एससी (दाट द्रवरूप औषध) हेक्टरी २०० मिलि वापरले तर अनेक जण १८.५ टक्क्यांनी गुणून ३७ ग्रॅम लिहितात. पण डब्यावरील १८.५ हा आकडा वजनास वजन या प्रमाणातला आहे. त्या औषधाच्या एका लिटरमध्ये २०० ग्रॅम क्रियाशील घटक असतो, त्यामुळे २०० मिलिमध्ये ४० ग्रॅम येतो आणि शिफारसही ४० ग्रॅमचीच आहे. तक्त्यात क्रियाशील घटक आणि बाजारातील औषध या दोन्ही मात्रा द्या, व्यापारी नाव एकदाच उत्पादकासह सांगा आणि पुढे सर्वत्र सामान्य नाव वापरा. वापरलेले औषध त्या पिकावर त्या किडीसाठी केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीकडे नोंदलेले आहे का, हेही आधी पाहा, कारण भारतीय समीक्षक हा प्रश्न विचारतातच.

संख्याशास्त्राविषयी. सात प्रक्रिया आणि तीन पुनरावृत्ती यांची आरबीडी (यादृच्छिक गट रचना) म्हणजे २१ वाफे. प्रत्येक वाफ्यातील पाच झाडांवर निरीक्षणे घेतली तर १०५ झाडे होतात. विश्लेषण करताना काही जण या १०५ झाडांना स्वतंत्र निरीक्षणे धरतात आणि त्रुटीचे स्वातंत्र्यांश (डिग्रीज ऑफ फ्रीडम) ९८ दाखवतात. ते चूक आहे. फवारणी वाफ्यावर झाली, झाडावर नाही. म्हणून एकक वाफाच, पाच झाडांची सरासरी म्हणजे एक निरीक्षण, आणि त्रुटीचे स्वातंत्र्यांश सहा गुणिले दोन म्हणजे १२. परिस्थितिविज्ञानात १९८४ पासून या दोषाला आभासी पुनरावृत्ती म्हणून ओळखले जाते आणि आज तो संपादकाच्या टेबलावरूनच निबंध परत पाठवायला पुरेसा ठरतो. तुमच्या निबंधात पुनरावृत्ती म्हणजे काय, हे एका वाक्यात स्पष्ट लिहा.

प्रादुर्भावित फळांच्या टक्केवारीवर विश्लेषणाआधी आर्कसाइन हे गणिती रूपांतर करण्याची आपल्याकडे रीत आहे. भारतीय नियतकालिके ते बहुधा स्वीकारतात, परंतु परदेशी समीक्षक आता द्विपद वितरणावर आधारलेले सामान्यीकृत रेषीय प्रारूप मागतात. तुमच्याकडे प्रत्येक वाफ्यातील एकूण फळे आणि किडकी फळे या दोन्ही संख्या असतील तर आर या मोफत संगणकप्रणालीत ते विश्लेषण करता येते, आणि माझा सल्ला ते करण्याचाच आहे. जुनी पद्धत ठेवली तरी तक्त्यात मूळ सरासरी दाखवा, केवळ रूपांतरित आकडे छापू नका. दोन हंगामांची एकत्रित सरासरी देण्याआधी दोन्ही हंगामांतील त्रुटींचे विचलन सारखे आहे का आणि प्रक्रिया-हंगाम आंतरक्रिया लक्षणीय आहे का (म्हणजे प्रक्रियांचा परिणाम हंगामानुसार बदलतो का), ते तपासा. आंतरक्रिया लक्षणीय असेल तर एकत्रित तक्ता दिशाभूल करतो, मग हंगाम वेगळेच दाखवावे लागतात. खर्च-फायद्याचे गुणोत्तर भारतीय नियतकालिकासाठी एका तक्त्यात ठेवा, परदेशी नियतकालिकासाठी बहुधा गाळा.

चर्चेत ‘हे निष्कर्ष अमुक यांच्या निष्कर्षांशी मिळतेजुळते आहेत’ हे वाक्य दहा वेळा लिहिण्याची सवय प्रबंधातून येते. त्याऐवजी जिथे तुमचा आकडा इतरांपेक्षा वेगळा आला, तिथे थांबा. वेगळेपणाचे कारण वाण होते, फवारणीची वेळ होती की त्या भागातील किडीची प्रतिकारशक्ती, याचा विचार मांडा. अळी शेंड्यात वा फळात शिरल्यावर फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे अंडी उबण्याच्या सुमारास झालेली फवारणी आणि उशिरा झालेली फवारणी यांत फरक पडणारच. हा मुद्दा तुमच्या नोंदींतून दाखवता आला तर त्यात खरे नावीन्य आहे.

नियतकालिक निवडताना आधी स्वतःच्या संदर्भसूचीकडे पाहा. ज्या नियतकालिकातील निबंधांचा आधार तुम्ही सर्वाधिक घेतला आहे, तिथे तुमच्या विषयाचे वाचक आहेत. १९३८ साली स्थापन झालेल्या भारतीय कीटकशास्त्र सोसायटीचे ‘इंडियन जर्नल ऑफ एन्टोमॉलॉजी’ किंवा नैरोबीच्या इसिपे या कीटक संशोधन संस्थेशी जोडलेले ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ ट्रॉपिकल इन्सेक्ट सायन्स’ यांचा विचार तुमच्या मुख्य निबंधासाठी करता येईल. परोपजीवी कीटकांच्या नोंदीसाठी ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल कंट्रोल’ योग्य आहे. ‘झूटॅक्सा’ फक्त वर्गीकरणासाठी आहे, तिथे कीटकनाशकाचा प्रयोग पाठवणे म्हणजे वेळ दवडणे. निवड झाल्यावर त्या नियतकालिकाच्या अलीकडच्या अंकांतील चार-पाच निबंध पूर्ण वाचा. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्र सरकारच्या योजनेमुळे सरकारी विद्यापीठांतून बऱ्याच परदेशी नियतकालिकांचे पूर्ण निबंध उघडता येतात, त्याचा लाभ घ्या.

नोकरीच्या व पदोन्नतीच्या दृष्टीने कृषी क्षेत्रात नासचे (राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीचे) नियतकालिकांना दिलेले गुणांकन पाहिले जाते. ते दरवर्षी बदलते, म्हणून चालू वर्षाची यादी पाहा. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) मान्य नियतकालिकांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली आहे, तरीही ‘यूजीसी केअर मान्य’ अशी जाहिरात करून पैसे मागणारी नियतकालिके अजून ई-मेल पाठवतात. आठवड्याभरात प्रसिद्धीची हमी, शेतीपासून व्यवस्थापनशास्त्रापर्यंत सगळे विषय एकाच अंकात, आणि समीक्षकांचा एकही अभिप्राय न येता थेट स्वीकृतिपत्र, ही लक्षणे दिसली तर दूर राहा. तिथे छापलेला निबंध पुन्हा चांगल्या ठिकाणी देता येत नाही, आणि दोन हंगामांची मेहनत कायमची वाया जाते. याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण अशा ठिकाणी गेलेल्या कामांत खरोखर चांगली कामेही असतात.

पाठवण्याआधी लेखकांची नावे व क्रम सर्वांनी लेखी मान्य करावा. मार्गदर्शक, सहमार्गदर्शक, विभागप्रमुख यांपैकी कोणाचे योगदान काय, हे आता बहुतेक ठिकाणी वेगळे लिहून द्यावे लागते, त्यामुळे केवळ मानाखातर नाव घालणे अवघड झाले आहे, आणि ते बरेच झाले. पत्रव्यवहारासाठी असा ई-मेल द्या जो पदवी संपल्यावरही चालू राहील. सर्व लेखकांचे ऑर्किड क्रमांक (संशोधकाची ओळख पटवणारे क्रमांक) आधीच काढून ठेवा.

तुमचा प्रबंध कृषिकोशावर (कृषी विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) चढवला गेला असेल, तर साम्य तपासणीत तुमचा निबंध तुमच्याच प्रबंधाशी जुळेल. त्यात लपवण्यासारखे काही नाही. पद्धतीचा भाग नव्याने लिहा आणि संपादकाला पत्रात सांगा की हे काम एम.एस्सी. प्रबंधाचा भाग आहे व तो प्रबंध कृषिकोशावर उपलब्ध आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने भाषा सुधारून घेतली असल्यास नियतकालिकाच्या नियमानुसार तसे नमूद करा. त्या साधनाला लेखक म्हणून दाखवता येत नाही आणि त्याने सुचवलेला एकही संदर्भ मूळ निबंध उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नका, कारण अस्तित्वात नसलेले संदर्भ त्यातून सर्रास येतात.

संपादकाला लिहायचे पत्र अर्ध्या पानाचे असावे. पहिल्या वाक्यात शीर्षक व निबंधाचा प्रकार, पुढच्या दोन-तीन वाक्यांत तुम्हाला काय सापडले आणि ते या नियतकालिकाच्या वाचकांना का उपयोगी आहे, मग हे काम इतरत्र प्रसिद्ध झालेले नाही व विचारार्थ पाठवलेले नाही असे निवेदन. ‘आपल्या सुप्रसिद्ध नियतकालिकात’ वगैरे स्तुती नको. समीक्षकांची नावे मागितली तर ज्यांचे काम तुम्ही खरोखर वाचले आहे, जे तुमच्या संस्थेतील वा सहलेखक नाहीत, अशांची संस्थात्मक ई-मेलसह द्या.

ऑनलाइन प्रणालीत सहसा शीर्षकपृष्ठ, नावे काढलेले हस्तलिखित, तक्ते आणि चित्रे यांच्या वेगळ्या फाइली लागतात. समीक्षकांना लेखक कळू द्यायचे नसतील तर ऋणनिर्देश, प्रकल्पाचा क्रमांक आणि फाइलच्या गुणधर्मांतील नावही काढावे लागते. ओळींना सलग क्रमांक द्या. छायाचित्रे किमान ३०० डीपीआयची हवीत, आणि कीटकाच्या प्रत्येक छायाचित्रावर मोजपट्टी हवी. ‘दहापट मोठे’ असे लिहिण्याला छपाईत अर्थ उरत नाही. शेवटी प्रणाली सर्व फाइली जोडून एक पीडीएफ तयार करते. ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय मंजूर करू नका. जातींच्या नावांचा तिरपा ठसा, अंश आणि अधिक-उणेची चिन्हे तिथेच बिघडतात.

त्यानंतर काही महिने वाट पाहावी लागते. नियतकालिकाने सांगितलेला काळ उलटून गेल्यावर संपादकाला एक नम्र ई-मेल पाठवण्यात गैर काही नाही. अभिप्राय आले की ते वाचून एक दिवस बाजूला ठेवा. मग समीक्षकाचे प्रत्येक वाक्य जसेच्या तसे उतरवून त्याखाली उत्तर लिहा, आणि बदल कोणत्या ओळीत केला ते सांगा. समीक्षकाचे म्हणणे पटले नाही तर ते नाकारण्याचा तुम्हाला अधिकार आहे, मात्र कारण आणि आधार द्यावा लागतो. ‘सुधारणा केली’ एवढेच लिहून काहीच न बदलणे हे मात्र लगेच उघडे पडते. निबंध नाकारला गेला तरी अभिप्रायांतील ग्राह्य सूचना अमलात आणूनच पुढच्या नियतकालिकाकडे पाठवा. कीटकशास्त्राच्या एखाद्या शाखेतील समीक्षक मोजकेच असतात, आणि तेच हस्तलिखित त्याच माणसाकडे पुन्हा जाणे ही नेहमीची गोष्ट आहे.

स्वीकृती मिळाल्यावर प्रकाशक हक्कपत्राचा पर्याय विचारतो. अनेक नियतकालिकांत वर्गणीचा मार्ग लेखकासाठी विनाशुल्क असतो आणि मुक्त प्रवेशाचा मार्ग मोठ्या शुल्काचा असतो. घाईत चुकीच्या चौकटीत खूण केली की बिल येते, म्हणून हा टप्पा मार्गदर्शकासोबत बसून पूर्ण करा. त्यानंतर प्रूफ येते आणि ते तपासायला बहुधा दोन-तीन दिवसच मिळतात. त्या दिवसांत प्रत्येक तक्त्यातील प्रत्येक आकडा मूळ नोंदवहीशी ताडून पाहा. एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने वहीत बघायचे, ही पद्धत सर्वांत खात्रीची. लेखकांची नावे, संस्थांची नावे, जातींची नावे, नमुन्यांचे व जेनबँकेचे क्रमांक आणि औषधांच्या मात्रा पुन्हा एकदा पाहा, कारण प्रूफ मंजूर केल्यानंतर सापडलेली चूक दुरुस्त करायला शुद्धिपत्रावाचून दुसरा मार्ग नसतो.